चौऱ्याहत्तर नावं

"चौऱ्याहत्तर? अहो कारकूनबाई, गेल्या वर्षी अठरा होती!" गणिताचे सर यादी हातात घेऊन टेबलापाशीच उभे राहिले.

"नियम बदललाय ना, सर. आता शिफारस नको, अर्ज नको. सातवीला ऐंशीच्या वर मार्क असले की वरच्या गणिताच्या वर्गात नाव आपोआप."

"आणि बसवू कुठे? माझ्या डोक्यावर?"

बाई हसल्या नाहीत. सकाळपासून त्यांना कशाचं काही वाटतच नव्हतं. हात तेवढे चालत होते. सव्वीस वर्षांच्या नोकरीत ते डोक्याला न विचारता काम करायला शिकले होते.

पूर्वी सर शिफारशीची चिठ्ठी पाठवायचे आणि बाई यादी टाइप करायच्या. बारा वर्षांपूर्वी चिठ्ठीत त्यांच्याच मुलीचं नाव आलं. मार्क ब्याण्णव. बाईंनी ते गाळलं. ऑफिसात बसून आपलंच घोडं पुढे दामटलं, असं कुणी म्हणायला नको. त्या दिवशी स्वतःच्या सचोटीचा केवढा अभिमान वाटला होता त्यांना! पुढे वरचं गणित नाही म्हणून मुलीला इंजिनिअरिंगच्या दारातूनच परत पाठवलं. आता ती दवाखान्याच्या खिडकीत बसून केसपेपर काढते.

संध्याकाळी भाजी चिरता चिरता बाईंनी सांगून टाकलं. "सातवीत तुझं नाव आलं होतं. मीच गाळलं."

मुलगी कपड्यांच्या घड्या घालत होती. "माहितीये."

"कुणी सांगितलं?"

"त्या वेळच्या सरांनी. यादी लागली तेव्हाच विचारायला गेले होते मी."

"मग बोलली का नाहीस गं?"

"तू त्या दिवशी इतकी खुशीत होतीस, आई."

सुरी थांबली. आता रडू येईल असं बाईंना वाटलं, पण आलं नाही. मग त्यांनी उरलेली भाजी चिरली.

"यंदा किती पोरं?" मुलीने विचारलं.

"चौऱ्याहत्तर. एका बाकावर तिघं बसवा म्हणतायत. बाकं किती काढायची, कोण जाणे."

"पंचवीस," हातातला टॉवेल झटकत मुलगी म्हणाली. "शेवटच्यावर दोघंच."

दुसऱ्या दिवशी शिपायाने बाकं लावली. बाईंनी मोजून पाहिली, पंचवीसच होती. शिपाई गेल्यावर त्यांनी फडकं घेतलं आणि शेवटचं बाक स्वतः पुसलं, तिसऱ्या जागेसकट.