दोन दारांची गाडी

दोन दारांची गाडी आदिलाबादेत कोणी घेतं का हो? घेणाऱ्यानं घेतली. व्यंकटरावांच्या आलोकनं. वीज खात्यात सब-इंजिनियर, तेहतीस वर्षांचा, पक्की नोकरी, गल्लीत शहाणा पोरगा म्हणून नाव. आणि हैदराबादेतून उचलून आणली ती कुपे का काय म्हणतात ती. लाल, बुटकी, जमिनीला पोट घासत चालणारी, तिसऱ्या हाताची. नवी घेणं त्याच्या बापजन्मी झालं नसतं. ही साडेसात लाखात बसली. त्यातही घरची जुनी गाडी बदल्यात दिली, तेव्हा कुठं जमलं. आणि खरी गोम तिथंच होती.

जुनी गाडी पांढरी, चार दारांची, कोणाच्या नजरेत न भरणारी. पण दोन वर्षांपूर्वी व्यंकटरावांच्या छातीत कळ आली, तेव्हा त्याच गाडीच्या मागच्या सीटवर आडवं टाकून आलोकनं बापाला नागपूरला नेलं होतं. तिथं दोन स्टेंट बसले. डॉक्टरनं घरच्यांना समोर बसवून बजावलं होतं की पुन्हा दुखलं तर गोळी जिभेखाली आणि पहिल्या तासात दवाखाना, दुसऱ्या तासाची वाट पाहू नका. आलोकच्या आईनं, पद्मिनीबाईंनी, ते वाक्य पाठ करून ठेवलं होतं. गाडी दारातून गेली त्या दिवशी त्यांनी लेकाला एवढंच विचारलं, की बाबांना काही झालं तर ह्या लाल डबीत झोपवायचं कसं? आलोक म्हणाला, आई, ही जुन्या गाडीच्या दुप्पट पळते. झोपवायची वेळच येणार नाही.

तसा तो वाईट नव्हता. पण मनात एक काटा होता आणि तो काढायचा कसा हे त्याला कळत नव्हतं. धाकटी बहीण पूर्णिमा नांदेडला दिली होती. जावई भार्गव बँकेत मोठ्या हुद्द्यावर, बोलायला गोड, वागायला सरळ. तो घरी आला की व्यंकटराव फुलून यायचे. तहसील कचेरीतून पेशकार म्हणून रिटायर झालेला माणूस, एरवी घरात मोजून चार वाक्यं बोलायचा. जावयासमोर मात्र कचेरीतल्या चाळीस वर्षांच्या मिसली, म्हणजे जुन्या फायली, उघडून बसायचा. आलोक तेव्हा पाण्याचा तांब्या घेऊन ये-जा करायचा. ना लग्न जमत होतं, ना बापाच्या तोंडून कधी शाबासकी. एक दिवस तरी बाबांनी आपल्याकडं तसं बघावं, एवढंच त्याला हवं होतं. त्यासाठी माणूस गाडी घेतो का? घेतो. काय काय घेतात लोक.

हैदराबादेतल्या दलालानं एक गोष्ट लपवली नव्हती, हेही सांगायला हवं. समोरची डावी सीट पुढं सरकवणारी मोटर जळाली होती. पाठ वाकायची, पण सीट जागची हलायची नाही. मागं जायला वीतभर फट. उजवीकडून तर स्टिअरिंगमुळं शिरायची सोयच नव्हती. आलोकनं विचारलं तर दलाल हसला. "पीछे कौन बैठते साब, बैगां रखो पीछे." आलोकनं मनाशी म्हटलं, मी विजेचा माणूस, एवढीशी मोटर काय, रविवारी बसून करतो. पाच रविवार गेले. त्या पाचही रविवारी त्यानं गाडी धुतली.

व्यंकटराव गाडीत बसले नाहीत. पहिल्या दिवशी ओट्यावर उभं राहून त्यांनी गाडीला वरून खाली पाहिलं आणि म्हणाले, "दरखास्त नाही, चौकशी नाही, थेट मंजुरी. छान." मग चप्पल घालून बाजाराकडं चालू लागले. पुढचा सव्वा महिना ते कुठंही जायचं तर पायी किंवा ऑटोनं गेले. आलोकनं दोनदा दार उघडून धरलं. दोन्ही वेळा त्यांनी सांगितलं की खाली बसायला घरी सतरंजी आहे. आलोक हसला, पण ते बोलणं त्याला आतून झोंबलं.

मग अधिक महिना लागला. भर उन्हाळ्याचा अधिक, आदिलाबादचं ऊन, सकाळी नऊला रस्ता ओस. पण धोंड्याचं वाण चुकवून चालतं का? पूर्णिमा आठ दिवस आधीच माहेरी आली होती, भार्गव आगगाडीनं आला. पद्मिनीबाईंनी पुरणाचे धोंडे केले, तांब्याच्या ताटात तेहतीस अनारसे मांडून वर दिवा ठेवला. व्यंकटरावांनी जावयाचे पाय स्वतः धुतले. भार्गव संकोचानं पाय मागं घेत होता आणि सासरा धरून ठेवत होता. अधिक महिन्यात जावई म्हणजे साक्षात नारायण, असं मानणारं घर. आलोकनं टॉवेल धरला.

चार वाजता चहा झाल्यावर आलोक म्हणाला, चला भाऊजी, इचोड्यापर्यंत चक्कर मारून येऊ, गाडी दाखवतो. भार्गव उठला आणि उठता उठता सासऱ्याला म्हणाला, "मामाजी, तुमीबी चला ना." आणि व्यंकटराव चक्क हो म्हणाले. आलोकला खरंच वाटेना. त्यांनी धुतलेला पांढरा सदरा घातला, गोळ्यांची डबी खिशात आहे का ते चाचपलं आणि गाडीपाशी येऊन उभे राहिले.

तिथं दोन मिनिटं रस्सीखेच झाली. भार्गवनं समोरचं दार उघडून सासऱ्याला बसायला सांगितलं. व्यंकटरावांनी त्याचा हात बाजूला केला.

"धोंड्याच्या महिन्यात जावयाले मागं कोंबू? लोक काय म्हणतीन?"

भार्गव म्हणाला, मामाजी, तुमचे गुडघे दुखतात, मी बसतो मागं. तेव्हा ते जरा चिडूनच म्हणाले की माझे गुडघे मी पाहून घेईन. आलोकला बोलता आलं असतं. घरचा मुलगा तो, गाडी त्याची, सीटची गत त्याला ठाऊक. पण बाप आज पहिल्यांदा गाडीत बसत होता, आणि वाद वाढला तर तो ओट्यावर परत गेला असता. आलोक स्टिअरिंगवर जाऊन बसला. व्यंकटरावांनी आधी डोकं आत घातलं, मग एक पाय, मग दुसरा पाय दोन्ही हातांनी उचलून आत घेतला. मागं गुडघे हनुवटीपाशी आले. मागच्या काचा उघडत नव्हत्या आणि थंड हवा सगळी समोर.

गाव सुटलं आणि नागपूर-हैदराबाद हायवे मोकळा मिळाला, तसं आलोकनं गाडी सोडली. काय पळाली ती! भार्गव मनापासून वा वा करत होता, काटा कुठं आहे ते मोठ्यानं वाचत होता. गाणी लावलेली. गुडीहत्नूर कधी मागं पडलं कळलंही नाही. आलोकनं आरशात पाहिलं, बाप डोळे मिटून बसला होता. त्याला वाटलं, सुखावले असतील.

गुडीहत्नूर सोडून थोडं पुढं आल्यावर त्याच्या खांद्यावर हात पडला. व्यंकटराव पुढं वाकले होते, तोंड त्याच्या कानाशी होतं. जावयाला ऐकू जाऊ नये इतक्या हळू ते बोलले.

"आलोक, थांबव. थांबव, बापू."

आलोकला ते स्पष्ट ऐकू आलं. गाणी असली तरी, इंजिनाचा आवाज असला तरी. शब्द न शब्द. आणि त्याला राग आला. सव्वा महिना रुसले, आज कुठं बसले, तेही जावयासाठी, आणि आता जावयासमोर थांबव म्हणून राह्यले! लहान पोरासारखं! काटा एकशे चाळीसवर होता. त्याच्या मनात आलं, इचोडा दहा मिनिटांवर आहे, तिथं थांबायचंच आहे.

भार्गवनं विचारलं, "काय म्हणतात मामाजी?"

"काई नाई, हळू चालव म्हणतात." आलोक हसला. भार्गवही हसला आणि मागं न वळताच म्हणाला, मामाजी, भेव नका, दादाचा हात पक्का आहे. आलोकनं पाय आणखी दाबला. खांद्यावरचा हात थोडा वेळ तसाच राहिला आणि मग निघून गेला.

इचोड्याला ढाब्यासमोर गाडी थांबली, भार्गव उतरला, सीट वाकवली आणि तसाच उभा राहिला. व्यंकटरावांचा सदरा घामानं चिंब झाला होता, ओठ निळे पडले होते, डोळे उघडे होते पण कोणाला पाहत नव्हते. श्वास चालू होता. भार्गवनं फटीतून हात घालून खिशातली डबी काढली आणि गोळी जिभेखाली सरकवली. ढाब्यावरचे दोन ट्रकवाले धावले, बाहेर ओढायला बघितलं, पण बिनताकदीचं शरीर त्या वीतभर फटीतून यायला तयार नव्हतं. खांदा आला की गुडघा अडकायचा. एक जण म्हणाला, शेजारी मेकॅनिक आहे, सीटच काढू. आलोक ओरडला की वेळ नाही, वीस मिनिटांत आदिलाबाद गाठतो.

अठरा मिनिटांत गाठलं. गाडी पळायला कुठंच कमी पडली नाही हो. भार्गव सगळा वेळ सीटवर उलटा गुडघे टेकून सासऱ्याचा हात धरून होता, मामाजी, आलंच, आलंच म्हणत होता. दवाखान्याच्या पायरीला गाडी लागली, स्ट्रेचर आलं, तरुण डॉक्टरीण स्वतः बाहेर आली. फटीतून वाकून तिनं मानेला बोटं लावली आणि म्हणाली, आहेत अजून, लवकर बाहेर काढा.

तिथं सात मिनिटं गेली. दहा पावलांवर ऑक्सिजन होता, मशीन होतं, माणसं होती. आणि ह्यांना एक माणूस गाडीतून काढता येईना. वॉर्डबॉय एका बाजूनं ओढत होता, भार्गव दुसऱ्या बाजूनं. आलोक सीटवर लाथा मारत होता, त्या जळक्या मोटरीच्या सीटवर. वाचमन लोखंडी गज घेऊन आला. डॉक्टरीण अर्धी आत शिरून छाती दाबायला बघत होती, तर हात सरळ होईना. शेवटी काखेत धरून, सदरा फाडून त्यांना बाहेर काढलं तेव्हा तिनं पुन्हा मानेला बोटं लावली. आत नेलं, वीस मिनिटं खटपट केली आणि बाहेर येऊन मान हलवली.

घर बसलं. रडणं झालं, दहावा झाला, आणि मग माणसं हळूहळू बोलायला लागली. कोणीतरी दोषी लागतो ना! सीटच्या मोटरीचं आलोकनं सगळ्यांना सांगितलं, रडून सांगितलं, लोकांनी त्याच्या पाठीवरून हात फिरवला. पण बायका आत कुजबुजत होत्या ते वेगळंच. जावई ऐटीत समोर बसला म्हणे आणि स्टेंटवाला म्हातारा मागं कोंबला. पद्मिनीबाई भार्गवला चहा द्यायला उठत नव्हत्या. पूर्णिमानं तर नवऱ्याशी बोलणंच सोडलं. बोलली ती एकदाच, चार माणसांत. "तुमी एकदा हट्ट केला असता तर माझे बाबा जित्ते असते."

भार्गव निम्मा झाला. बाराव्या दिवशी मागल्या अंगणात आलोकला एकटं गाठून त्यानं विचारलं. बरेच दिवस तोंडात घोळवल्यासारखा प्रश्न होता.

"दादा, ते हळू चालव म्हणले ना, तवाच दुखून राह्यलं असन का त्यायले?"

सांगून टाकायची ती वेळ होती. हळू चालव नाही म्हणाले, थांबव म्हणाले, दोनदा म्हणाले, मला ऐकू आलं. चार वाक्यं. ती बोलली असती तर समोरच्या माणसाच्या डोक्यावरचा डोंगर तिथंच उतरला असता, आणि आलोकच्या डोक्यावर बसला असता. तो तुळशीकडं पाहत राहिला.

"नाई," तो म्हणाला. "दुखत असतं तर बोलले नसते का?"

भार्गवनं मान डोलावली. मग म्हणाला, की म्हणजे बिचारे उतरायची वाट पाहत बसले, मी समोर होतो म्हणून. आलोकनं त्यालाही नाही म्हटलं नाही.

तेराव्याच्या गोडजेवणाला घर भरलं होतं. पानं उठायच्या आधी भार्गव उभा राहिला. हुद्द्याचा माणूस, पण त्यानं सासूसमोर डोकं टेकलं आणि सगळ्यांच्या देखत म्हणाला की माझ्यामुळं झालं, मला मागं बसायला हवं होतं, मामाजींचं ऐकायला नको होतं, मला माफ करा. पद्मिनीबाईंनी तोंडाला पदर लावला. बोलायचं कोणी, सगळ्यांनी आलोककडं पाहिलं. आता घरचा कर्ता तोच.

आलोक उठला. भार्गवला दोन्ही खांद्यांना धरून उभं केलं.

"जाऊ द्या भाऊजी," तो म्हणाला. "आमच्या मनात काई नाई. आमी तुमाले माफ केलं."

बायकांमध्ये हुंदके उठले. एक म्हातारे चुलते म्हणाले, व्यंकटरावाचा लेक शोभतो, केवढं मन आहे पोराचं. भार्गव त्याच्या गळ्यात पडून लहान मुलासारखा रडला. आणि पूर्णिमा, जी तेरा दिवस भिंतीला टेकून बसली होती, ती उठून आली आणि मोठ्या भावाच्या पायांवर डोकं ठेवलं. त्यानं ठेवू दिलं.