सूतभर फट

मित्रांनो, मी एक जुना ओळंबा आहे. आधीच सांगून ठेवतो, माझा कोणावर चटकन विश्वास बसत नाही. तुमच्यावरही अजून बसलेला नाही. आपण अगदी ताठ बसलो आहोत असे तुम्हाला वाटत असेल, पण मला शंका आहे.

ज्यांनी ओळंबा पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगतो. मी म्हणजे एक पितळी वजन, एक दोरी आणि एक लाकडी ठोकळा. ठोकळा आणि वजन अगदी एकाच रुंदीचे. गवंडी ठोकळा भिंतीला वर टेकवतो आणि वजन खाली सोडतो. वजन भिंतीला जेमतेम शिवले, की भिंत सरळ. वजन आणि भिंत यांच्यात फट राहिली, की भिंत वरून पुढे झुकलेली. एवढेच माझे काम. जन्मभर दुसऱ्याचा वाकडेपणा शोधला की स्वभाव संशयी होतो, त्याला माझा इलाज नाही.

एका ओताऱ्याने मला घडवले आणि एका तरुण गवंड्याने विकत घेतले. पुढे सगळे त्यांना मिस्त्री म्हणू लागले, म्हणून मीही तेच म्हणतो. मिस्त्रींचा एक जोडीदार होता. तो दिवसभरात मोजून दहा शब्द बोलायचा, म्हणून त्याचे नाव पडले घुम्या. दोघे एकाच फळीवर उभे राहून वीट लावायचे. मिस्त्रींची बडबड आणि घुम्याची मान हलवणे, असा त्यांचा तीस वर्षांचा संसार होता.

आमचे शहर समुद्राकाठचे, सुटीला येणाऱ्या श्रीमंतांचे. इथल्या इमारती पाहायला लांबून लोक येतात. एका नाट्यगृहाचे छप्पर शिंपल्यासारखे उघडलेले आहे. एका हॉटेलच्या गच्च्या धुऊन उपड्या घातलेल्या ताटल्यांसारख्या एकावर एक आहेत. गोल इमारतींवर माझा मुळीच भरवसा नव्हता. जिला ना सुरुवात ना शेवट, तिच्यावर विश्वास ठेवायचा तरी कसा? आणि बंदरापाशी एक मनोरा तर मुद्दाम तिरका बांधलेला! तो पाहून माझे पितळ गरम झाले. पण लोक त्याच्यापुढे माना वाकड्या करून फोटो काढतात. सरळ भिंतीचा फोटो कोणी काढतो का, सांगा बरे.

त्याच किनाऱ्यावर अर्धचंद्रासारखे एक मोठे हॉटेल उभे राहिले. सगळी इमारत वळणदार, फक्त मधला जिन्याचा मनोरा सरळ, अकरा मजले उंच. तो मिस्त्री आणि घुम्याने बांधला. मी प्रत्येक थराला लटकलो. वाऱ्यात झोके खाल्ले, बांबूच्या पायाडावर आपटलो, अंगभर ओरखडे पडले. पण मनोरा असा उतरला की वास्तुविशारद साहेबांनी टोपी काढली.

उद्घाटनाच्या दिवशी मालक म्हणाले, "ज्याने आमचा मनोरा सरळ ठेवला, त्या ओळंब्याचा सत्कार झाला पाहिजे." या शहराला चकाकी फार प्रिय. त्यांनी माझे वजन एका कारागिराकडे पाठवले. त्याने मला लेथवर चढवून ओरखडे जाईपर्यंत कातले आणि वर सोन्याचा मुलामा दिला. लाकडी ठोकळा मात्र घरीच राहिला होता. मी दोन सूत बारीक होऊन परत आलो. प्रत्येक बाजूने एकेक सूत, म्हणजे तांदळाच्या दाण्याच्या जाडीपेक्षा थोडे जास्त. खरे सांगतो, मित्रांनो, हे तेव्हा मला कळले नाही. मी स्वतःच्या झळाळीत मश्गूल होतो.

मिस्त्रींनाही बढती मिळाली. हातातली थापी गेली आणि दुसऱ्यांची कामे तपासायला हातात फक्त मी उरलो.

पहिली भिंत निघाली घुम्याचीच. टेकडीच्या पोटाशी, हॉटेलच्या बागेसाठी बांधलेली. तिच्या मागे नुसती माती. मिस्त्रींनी मला सोडले, आणि फट दिसली.

"काय रे हे? सूतभर पुढं आलीय तुझी भिंत."

घुम्या म्हणाला, "नाही आलेली."

"मग हा सोन्यासारखा ओळंबा खोटं बोलतो होय? तीस वर्षांची ओळख आहे म्हणून तुझं वाकडं मी सरळ म्हणू? उद्या लोक माझ्या तोंडात शेण घालतील!"

घुम्या हातात काहीतरी धरून तसाच उभा राहिला. भिंत पाडायला दोन दिवस लागले. त्याने थापी धुतली, गोणपाटात गुंडाळली आणि काम सोडून गेला. मी मनात म्हणालो, 'बघा! इतक्या वर्षांचा माणूस, तोही शेवटी वाकडाच निघाला.'

त्यानंतर मला ज्या भिंतीला टेकवावे ती पुढे आलेली. सगळे शहरच बिघडले अशी माझी खात्री पटली. बाकीचे गवंडी हुशार होते. मिस्त्रींपुढे ते "हो, हो" म्हणायचे आणि पाठ वळली की "गिलाव्यात घेऊ सांभाळून" असे म्हणून हसायचे. मला त्यांचाही संशय यायचा.

दोन वर्षांनी मिस्त्रींच्या लेकीला तिचे पहिले मोठे काम मिळाले. नव्या संगीतगृहाची दर्शनी भिंत, उघड्या विटांची. तिला गिलावा होणार नव्हता, म्हणून सांभाळून घ्यायला जागाच नव्हती. बाईच्या हातची भिंत कशी उतरते ते पाहायला सगळे टपलेले. ही बिघडली, तर तिला पुन्हा कोणी थापी हातात धरू देणार नव्हते.

मिस्त्रींनी मला सोडले. फट! त्यांचा चेहरा उतरला.

"बाळा, पाडावी लागेल. उद्या माणसं लावतो."

"बाबा, अठरा दिवस घातलेत मी हिच्यावर. रोज प्रत्येक थराची पातळी पाणसळीनं बघितलीय."

"पाणसळ राहू दे. घुम्याची पाडली तेव्हा मी मागंपुढं पाहिलं नाही. तुझी ठेवली तर लोक काय म्हणतील?"

तिचे डोळे भरून आले, पण ती हटली नाही. "मग एकदा आतल्या बाजूनं लावून बघा."

"त्यात काय बघायचं? बाहेर झुकली म्हणजे आतून मागं जाणार."

"तेच बघा ना."

ते आत गेले. ठोकळा टेकवला, मला सोडले. पुन्हा फट, तेवढीच.

"एक भिंत दोन्हीकडं कशी झुकेल हो, बाबा?"

लेकीने ठोकळा आणि वजन फळीवर शेजारी शेजारी ठेवले आणि वरून पट्टी लावली. मी सोन्यासारखा झळकत होतो आणि ठोकळ्याहून बारीक होतो. जन्मभर दुसऱ्यांवर संशय घेणाऱ्या मला स्वतःचा संशय एकदाही आला नव्हता. मला लाज वाटली.

"भिंत राहू दे," मिस्त्री म्हणाले आणि मला खिशात घालून तिथून थेट निघाले. लेक मागोमाग.

घुम्याचे घर शहराच्या मागच्या बाजूला होते, जिथे फोटो काढायला कोणी जात नाही. तो दारात बसून हॉटेलांसाठी सिमेंटच्या कुंड्या करत होता. मिस्त्रींनी मला त्याच्यापुढे ठेवले.

"तुझी भिंत सरळ होती."

"माहीत आहे," घुम्या म्हणाला.

"मग बोलला का नाहीस रे? भांडायचं होतंस, शिव्या घालायच्या होत्यास!"

घुम्याने हातातले सिमेंट कुंडीच्या काठाला थापले. मग त्याने आयुष्यातले सगळ्यात लांब भाषण केले. "त्या दिवशी माझ्या हातात माझा ओळंबा होता. भिंतीला लावून दाखवायला म्हणून धरूनच उभा होतो. तू त्याच्याकडं बघितलंसुद्धा नाहीस."

मिस्त्री त्याच्या शेजारी दारात बसले. त्यांनी विचारले, "परत येशील?"

"नको. कुंड्या बऱ्या आहेत. कोणी मोजत नाही."

तो आला नाही. मिस्त्रींनी माझे सोने खरवडून काढले आणि माझ्या मापाचा नवा ठोकळा करून मला लेकीच्या हवाली केले. ती रोज सकाळी मला एकाच चौकटीला दोन्ही बाजूंनी लावून पाहते आणि मगच कामाला लागते. मला त्याचा राग येत नाही.

म्हणून मित्रांनो, एक विनंती. तुमच्याकडे पट्टी असो, तराजू असो, माझ्यासारखा ओळंबा असो, त्याला नुसते चमकवू नका, अधूनमधून तपासत जा. आणि कोणाची भिंत वाकडी आहे असे म्हणण्याआधी एकदा त्याच्या हाताकडे बघा. तो काहीतरी धरून उभा असेल.