पाणसळीत बसवलेला पलंग

पिकअप घराशेजारच्या बोळात येऊन उभी राहिली, तेव्हा मधलीने नवऱ्याकडे फार काही मागितलं नव्हतं. मागच्या हौद्यात एक सपाट फळी, फळीवर गादी आणि आत शिरायला वाट. हौद्यावर फायबरचं टोपण आधीच बसवलेलं होतं. जुना मालक त्यातून कुत्री नेत असे, त्यामुळे बाजूच्या काचांवर आतून नाकांचे ठसे होते. "काचा मी पुसते," ती म्हणाली. "फळी तुम्ही टाका. आठवड्याभरात निघू."

ही उन्हाळ्याच्या तोंडावरची गोष्ट. आता झाडांची पानं गळायला लागली होती आणि पिकअप वीतभरही हलली नव्हती.

ती तीन भावंडांतली मधली. घरात, गल्लीत, पडद्यांच्या दुकानात सगळे तिला मधलीच म्हणत. वर्षानुवर्षं मशीनवर वाकून पडदे शिवता शिवता तिच्या पाठीतला मणका सरकला होता. तिला उभं राहता येई, चालता येई, कडक सपाट जागेवर आडवं होता येई. बसणं मात्र जमत नसे. अर्ध्या तासाच्या वर बसली की पायातून कळ निघे आणि मग तो पाय दुसऱ्या कुणाचा तरी असल्यासारखा वागे. अक्काकडे जाणारी बस, रेल्वे, जे काही होतं ते सगळं बसूनच जाण्याचं होतं.

अक्का म्हणजे थोरली बहीण. ती समुद्राकाठी राहायची, गाडीने दीड दिवसाच्या वाटेवर. तिचे डोळे जात चालले होते. डॉक्टर म्हणाले होते, जे दिसतंय ते या वर्षापुरतं धरा. फोनवर हे सांगताना अक्का रडली नाही. म्हणाली, "मधले, यायचं तर आत्ता ये. नंतर आलीस तर तू मला बघशील, मी तुला नाही."

त्यावर धाकट्या भावाने, म्हणजे बारक्याने, उपाय काढला होता. तो फ्रिज आणि धुलाईयंत्रं दुरुस्त करायचा आणि सामान वाहण्यासाठी त्याने ही पिकअप घेतली होती. "ताई, अर्धा तास पुढे बसायचं, मग थांबायचं. मागे जाऊन आडवी हो, बरं वाटलं की पुन्हा पुढे ये. असं करत करत पोचू. मी चालवतो." उपाय चांगला होता. चूक एकच झाली. फळी टाकायला त्यांनी मिस्त्रीला सांगितलं.

मिस्त्री म्हणजे मधलीचा नवरा. लोकांच्या स्वयंपाकघरांतली कपाटं करण्यात त्याची उभी हयात गेली होती. त्याने केलेला खण एका बोटाने ढकलला की आत जाई आणि शेवटी आवाजही करत नसे. हौद्यात शिरून त्याने चाकांवरचे उंचवटे बघितले, टोपणाची उंची मोजली आणि बाहेर येऊन म्हणाला, "नुसती फळी? खाली एवढी जागा वाया घालवायची?"

तिथून खण सुरू झाले. कपड्यांचा खण, भांड्यांचा खण, औषधांचा खण. मग मागचा फाळका उघडला की बाहेर येणारं घडीचं टेबल. मग चमच्यांसाठी कप्पे.

"तिघांना चमचे किती लागतात?" मधलीने विचारलं.

"कितीही लागोत. चमच्याला जागा असली की चमचा हरवत नाही."

"चमचा हरवायलाही आधी घराबाहेर पडावं लागतं."

बारका संध्याकाळी येऊन फाळक्यापाशी उभा राही. त्याची गाडी असून त्याला ती मिळत नव्हती. तो फ्रिज रिक्षातून नेत होता. "दाजी, ताई झोपायला चाललीय, संसार मांडायला नाही."

"अर्धवट काम माझ्या हातून बाहेर जात नाही. आणि गाडी हलवू नकोस. जोड सुकतायत."

"जोड सुकतायत, मी वाळतोय," बारका म्हणायचा आणि रिक्षा शोधायला जायचा.

दर रविवारी अक्काचा फोन येई. एका रविवारी ती म्हणाली, सुई ओवता येईना. नंतर एकदा म्हणाली, घड्याळाचे काटे गेले, आता टिकटिक तेवढी आहे. मधली हे सगळं मिस्त्रीला सांगे. तो मान हलवे, खरंच वाईट वाटून घेई आणि पॉलिशचा आणखी एक हात मारी. गादीचा अभ्रा तिने पहिल्याच आठवड्यात उभ्याने, थांबत थांबत शिवून ठेवला होता. तो कपाटात घडीवर पिवळा पडत होता.

मग एका रविवारी अक्का म्हणाली, "काल शेजारीण दारात आली, तर आवाज फुटेपर्यंत मला कळलं नाही कोण ते."

मधलीने फोन ठेवला आणि सरळ बोळात गेली. मिस्त्री हौद्यात पालथा पडून खणाच्या कडा घासत होता. तिला त्याचे फक्त तळवे दिसत होते. ती तळव्यांशी बोलली.

"बाहेर या."

"एवढी कड झाली की येतो."

"कडेचं मला सांगू नका. अक्काला माणसं ओळखू येईनात. तुम्हाला जायचंच नाहीये, एकदा तोंडाने म्हणा तरी."

मिस्त्री मागे सरकत सरकत बाहेर आला. मिशीवर लाकडाचा भुसा बसला होता. "नाही जायचं," तो म्हणाला. "मागच्या वेळी नुसतं लग्नाला जाऊन आलो, तर नंतर तू किती दिवस पाठ टेकून होतीस? तुला संडासला मी नेत होतो. तो रस्ता सगळा खड्ड्यांचा. मधेच काही झालं तर उचलून कुठे नेऊ तुला?"

हे त्याने आधी सांगितलं असतं तर ती त्याच्याशी वेगळ्या तऱ्हेने भांडली असती.

"मग भीती वाटते म्हणायचं," ती म्हणाली. "चमचे कशाला करत बसायचे?"

"दोन्ही आहे," मिस्त्री म्हणाला. "भीतीही आहे आणि कामही व्हायला हवं."

"उद्या निघतोय. तुम्ही आलात तर तुमच्यासकट, नाहीतर आम्ही दोघं."

सकाळी बारक्याने गाडी बोळातून काढली. मिस्त्री मधे बसला, मांडीवर हत्यारांची पेटी घेऊन. पेट्रोल भरायला पंपावर थांबले, तेव्हा मधली म्हणाली, निघण्याआधी एकदा आडवी होऊन बघते. फाळका खाली पडला, एक खण न वाजता बाहेर आला, त्याची पायरी झाली. तेवढं मात्र खरंच सुरेख जमलं होतं. ती चढली, गादीवर पाठ टेकली आणि सावकाश, कुणी ढकलत असल्यासारखी, उजव्या बाजूच्या काचेला जाऊन चिकटली.

"अहो, हे वाकडंय."

"काय वाकडंय?"

"पलंग. मी घरंगळतेय."

"पलंग वाकडा नाही," मिस्त्री म्हणाला. "पंप वाकडा आहे."

पंपावरचा माणूस हातात नळी धरून उभा होता. त्याने आपल्या पंपाकडे एकदा बघून घेतलं.

मिस्त्रीने पेटीतून पाणसळ काढली. काचेच्या नळीतला बुडबुडा मधोमध आला की जागा सपाट, असं सांगणारी ही हातभर पट्टी तो पोटच्या पोरासारखी जपायचा. भिंती खोटं बोलतात, फरशी खोटं बोलते, पाणसळ बोलत नाही, हे त्याचं ठरलेलं वाक्य. कुठल्याही घरात तो जमिनीपासून माप घेत नसे. बुडबुडा म्हणेल ती सपाटी. त्याने पट्टी पंपाच्या जमिनीवर ठेवली. बुडबुडा मधोमध. आडवी ठेवली, पुन्हा मधोमध. मग पलंगावर ठेवली. बुडबुडा एका टोकाला जाऊन बसला.

त्यांच्या बोळाला गटाराकडे उतार होता, पाणी वाहून जावं म्हणून मुद्दाम दिलेला. गाडी इतके महिने त्या उतारावर एका अंगाला कलून उभी होती, आणि मिस्त्रीने कललेल्या गाडीत तंतोतंत सपाट पलंग बसवला होता. जगात हा पलंग सरळ असेल अशी एकच जागा होती, आणि ती त्यांच्या स्वयंपाकघराच्या खिडकीखाली होती.

बारका आधी हसला, मग ताईचं तोंड बघून थांबला.

"परत चला," मिस्त्री म्हणाला. त्याच्या आवाजात आता वाद नव्हता. "सांगाडा उपटावा लागेल. खण, खणांचे चॅनल, सगळं. महिनाभर द्या मला."

"महिनाभर?" मधली आतूनच म्हणाली. ती अजून काचेला टेकलेली होती. "महिन्याने अक्का मला हात लावून ओळखेल. फार तर नाक दाबून बघेल."

"मग अशी कशी झोपशील?"

"तुम्ही सुतार ना? चाकाखाली लाकूड घाला. ही बाजू खाली आहे, हीच वर उचला."

मिस्त्रीला हे लागलं. टेबलाच्या पायाखाली पुठ्ठ्याची घडी सरकवणाऱ्या माणसांना तो आयुष्यभर नावं ठेवत आला होता. पण पंपामागे मोडकी खोकी पडली होती. त्याने त्यातल्या जाड फळ्या घेतल्या, तिथेच उकिडवा बसून दोन पाचरी कापल्या, आणि कापल्यावर सवयीने त्यांच्या कडाही घासायला लागला. तेव्हा मधलीने अशी हाक मारली, की पंपावरचा माणूसही गाडीत बसायला निघाला.

पहिला थांबा आला तोवर तिच्या पायात कळ उतरली होती. ती गाडीला धरून उभी राहिली. मिस्त्रीने पाचरी चाकांपुढे ठेवल्या, बारक्याने गाडी त्यांवर चढवली. मिस्त्री पाणसळ घेऊन आत गेला.

"किंचित मागे."

बारक्याने गाडी मागे घेतली.

"जास्त झालं. केसभर पुढे."

"दाजी, गिअरमधे केसभर नसतं."

"बुडबुडा रेघेला टेकलाय फक्त. मधे यायला हवा."

"अहो," मधली म्हणाली, "मला आडवं व्हायचंय. इमारत बांधायची नाहीये."

"एकदाच नीट लावू दे."

रस्त्याकडेला बसथांब्यावर सिमेंटचा लांब बाक होता. ती चालत गेली आणि त्यावर उताणी झाली. बसची वाट बघणारी बाई उठून बाजूला सरली. मिस्त्री "आला मधे!" म्हणत बाहेर आला, तेव्हा त्याची बायको उघड्या रस्त्यावर, बुटांच्या चिखलाने भरलेल्या बाकावर डोळे मिटून पडली होती आणि तिच्या चेहऱ्यावरची कळ उतरत होती.

तो तिच्या उशाशी जाऊन उभा राहिला. काहीतरी म्हणायला हवं होतं. "थंड लागत असेल," तो म्हणाला.

"सपाट आहे," ती म्हणाली.

त्यानंतर त्याने पाणसळ पेटीतून काढली नाही. पाचरी टाकायचा, बारका गाडी चढवायचा, जे होईल ते होई. कधी ती जराशी उजवीकडे कले, कधी डावीकडे. मिस्त्री त्या बाजूला बसून पाठीचा टेकू देई. खड्डा आला की तो "हळू" म्हणे, आणि बारका म्हणे, "खड्ड्याला सांगा." रात्री मुक्कामाला मागे तिघांपुरती जागा नव्हती, तेव्हा दोघे पुरुष पुढच्या सीटवर अवघडून बसले आणि ती त्या सगळ्या खणांवर एकटी झोपली. शांत अशी झोपली नाहीच. पण सकाळी ती स्वतःच्या पायांनी खाली उतरली.

दुसऱ्या दिवशी दुपारी ते अक्काच्या दारात पोचले.

अक्का बाहेरच उभी होती. गाडीचा आवाज ऐकून तिने मान वळवली, पण त्यांच्याकडे नाही. तिने कुंपणाच्या खांबाकडे बघितलं.

"अक्का, इकडे. मी इकडे आहे."

"कळलं मला. बोलू नकोस. थांब तिथेच." अक्काने मान आणखी थोडी तिरपी केली, पाखरू करतं तशी. "सरळ बघितलं की मधे नुसता धुरकट गोळा दिसतो. कडेकडेने दिसतं अजून. तुला बघायचं तर खांबाकडे बघावं लागतं. उन्हात ये."

मधली उन्हात जाऊन उभी राहिली. उभं राहणं तिला जमत होतं. अक्का खांबाकडे बघत राहिली.

"केस कापलेस."

"कधीच."

"बोलली नाहीस ते."

"फोनवर केसांचं काय सांगायचं?"

"मग काय सांगायचं?" अक्का म्हणाली. "कान दिसतोय. खांदा दिसतोय. केवढी वाळलीस गं. तोंड नीट लागत नाही, सारखं निसटतं." आणि मग, कुणालाही बोल लावायचा नसल्यासारखं, हवापाणी सांगावं तसं ती म्हणाली, "उन्हाळ्यात आली असतीस तर तोंडही दिसलं असतं."

मधलीने मागे वळून बघितलं नाही. गाडीतून पिशव्या काढून मिस्त्री तिच्या मागून पुढे आला होता आणि दोघींच्या मधोमध, पिशव्या हातात तशाच धरून, थबकला होता.

"पण आता," त्याने विचारलं, "आता दिसतंय ना थोडं तरी?"

"दिसत होतं," अक्का म्हणाली. "तुम्ही उन्हाच्या आड आलात."

मिस्त्री बाजूला झाला.