खडकापर्यंतची वाळू

मामाचा घसा गेला तो गेलाच. डॉक्टरांनी आतून काहीतरी कापून काढलं आणि गावातला सगळ्यात बोलका गाईड कुजबुजण्यापुरता उरला. तेव्हापासून पाहुण्यांना किल्ला आणि किनारा दाखवायचं काम भाचीच्या गळ्यात पडलं. शाळा तिनं आधीच सोडली होती. खरं तर शाळेनंही तिला हसत हसत सोडलं होतं. तोंड असं चालायचं की तिला सगळे टकळीच म्हणायचे. आणि राग? तो नाकाच्या शेंड्यावर नाही, पार बाहेर लोंबत असायचा.

जुनी जकातचौकी, तोफा, अंधारकोठडी, बुरूज आणि शेवटी किनारा, असा सगळा फेरा असायचा. टकळी पुढं बोलत चालायची, मामा मागून गुपचूप यायचा. लोकांना सगळ्यात आवडायची ती किल्लेदाराच्या बायकोची गोष्ट. किल्ल्याला वेढा पडला, तेव्हा ती बाई ओहोटीच्या वेळी वाळूवरून चालत समोरच्या काळ्या खडकावर गेली आणि वाचली. अशी बाई कधी नव्हतीच. एका रिकाम्या दुपारी मामानं बसल्या बसल्या तिला जन्माला घातलं होतं.

पण मामाचा एक नियम होता. ही गोष्ट बुरुजावरच सांगायची, तीही समुद्राकडे पाठ करून. किनाऱ्यावर तिचं नावसुद्धा काढायचं नाही.

"का पण?" टकळीनं एकदा विचारलं होतं.

"लोक गोष्ट पायांनी ऐकतात गं," मामा कुजबुजला होता.

त्या दिवशी आलेल्या पाहुण्यांत एक गॉगलवाला होता. सोबत बायको आणि बोट चोखणारी लहान मुलगी. सॅंडल एवढे नवे की तळव्याला किमतीची चिठ्ठी तशीच चिकटलेली. तोफ पाहून म्हणाला, "हीच का ती? आमच्या सोसायटीचा पाण्याचा पाइप हिच्यापेक्षा जाड आहे." कोठडीत म्हणाला, "एवढी जागा तर आम्ही चपलांना देतो." बायको दर वेळी "अहो, पुरे ना" म्हणायची. टकळी ओठ चावत राहिली. बुरुजावर तो उन्हाला वैतागून पायऱ्या उतरून गेला, त्यामुळे तिथं गोष्ट राहूनच गेली.

किनाऱ्यावर पोचल्यावर तो म्हणाला, "संपलं? पोरी, पाठ केलेलं बोलतेस तू. खरं काही आहे की नाही तुमच्या गावात?"

झालं. टकळीच्या डोक्यात सणक गेली. मामानं कोपर धरायच्या आत तिनं ती गोष्ट तिथंच, वाळूत उभी राहून सांगितली.

गॉगलवाला खो खो हसला. "पाण्यावरून चालली म्हणे! थापा मारायलाही अक्कल लागते."

"पाण्यावरून नाही, वाळूवरून. ती बघा, समोरच आहे. आजही जाता येतं. फक्त छाती पाहिजे."

ओहोटी सरत आली होती. खडकापर्यंत वाळूचा लांब पट्टा उघडा पडला होता, एखाद्या जनावराच्या पाठीसारखा. गॉगलवाल्यानं सॅंडल काढले, बायकोच्या हातात दिले आणि म्हणाला, "फोटो काढ."

"अहो, कशाला? पोरगी रडेल."

"आलोच की."

मामा टकळीच्या कानाशी आला. "बोलव त्याला परत. आत्ता."

"जाऊ दे ना मामा. घोट्याएवढं पाणी लागलं की येईल पळत."

तो आला नाही. खडकावर पोचला, वर चढला, दोन्ही हात उंच केले. बायकोनं फोटो काढला. टकळीला तेव्हासुद्धा रागच आला, की मेला खरंच पोचला.

तिथल्या भरतीची एक खोड होती. पाणी समोरून यायचं नाही. आधी किनाऱ्यालगतचा खोलगट भाग गुपचूप भरायचा आणि मधली वाळू शेवटपर्यंत कोरडी दिसत राहायची. खडकावरून बघणाऱ्याला वाटायचं, अजून भरपूर वेळ आहे. गावातलं शेंबडं पोरही हे जाणून होतं. गॉगलवाल्याला कोण सांगणार?

तो खोलगट भाग भरू लागला तशी टकळी ओरडली. अंगातला सगळा आवाज काढून ओरडली. वारा समुद्राकडून होता, त्यानं तो आवाज तिच्याच तोंडात परत कोंबला. तिचे हलणारे हात पाहून त्यानंही हात हलवले. मामा केव्हाच नावाड्याकडे धावला होता, पण होडी वर ओढलेली, वाळूत रुतलेली.

तो उतरून रमतगमत चालत आला. अर्ध्याहून जास्त अंतर आल्यावर त्याला किनाऱ्यालगतचं पाणी दिसलं. तो थबकला.

"साहेब, मागं जा! खडकावर चढून बसा! होडी येतेय!"

एवढ्या जवळून ऐकू गेलं असेल. पण त्याची मुलगी रडत होती आणि बायको "या ना हो, या ना" म्हणत होती. पाणी रुंदीला फार दिसत नव्हतं. तो आत शिरला. कमरेपर्यंत, छातीपर्यंत. मग ओढीनं त्याला आडवं केलं, एक हात दिसला, आणि होडी पोचली तेव्हा तिथं नुसतं पाणी होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळीही होड्या शोधत होत्या. मुलीला नातेवाइकांनी नेलं होतं. बायको वाळूत एकटी बसली होती. मामा नको नको म्हणत असताना टकळी तिच्याजवळ गेली.

"ताई."

बाईनं वर पाहिलं नाही. "गोष्टीतली ती बाई पोचली होती ना? वाचली होती ना?"

टकळीला हो म्हणता आलं असतं. सगळ्या गावानं हो म्हटलं असतं.

"नव्हतीच अशी कुणी, ताई. आमची रचलेली गोष्ट आहे ती."

बाईनं आता वर पाहिलं. "मग हे कशाच्या मागं गेले?"

"मी त्यांना डिवचलं. मला राग आला होता."

ती मारेल असं वाटलं. मारलं असतं तर बरं झालं असतं. पण बाई म्हणाली, "बस इथं. ते सापडेपर्यंत उठायचं नाही."

टकळी बसली.

वर तटावर दुसऱ्या एका गाईडनं माणसं आणली होती. तो बोटानं खडक दाखवत होता. बायकोनं हट्ट धरला, म्हणून नवरा तिच्यासाठी शंख आणायला गेला, असं काहीतरी रंगवून सांगत होता. माणसं हळहळली. एकानं मोबाइल काढून वाळूतल्या दोघींचा फोटो घेतला.

टकळीच्या हाताशी मुठीएवढा दगड होता, आणि तिचा नेम गावात कधी चुकला नव्हता. ती उठली नाही.