बनावट ठरलेला आवाज

बापाचे, पुंजाचे, दिवस गावाकडं उरकले आणि मोहिनी आईला घेऊन नाशिकला इंदिरानगरच्या खोलीवर परतली. भागीबाईनं पदर खोचला आणि भाकरी थापायला घेतली.

"कॉलेजात जा आता. तुझं ते यंत्र अर्धं हाय ना अजून?"

मोहिनीनं पिशवी कोपऱ्यात ठेवली. हल्ली भामटे कॉम्प्युटरकडून माणसाच्या आवाजाची नक्कल करून घेतात आणि घरच्यांना फसवतात. ही नक्कल ओळखणारं अ‍ॅप ती तयार करत होती. अनोळखी नंबरवरून आलेला आवाज बनावट वाटला, की ते फोनचा पडदा लाल करी आणि बोलणं साठवून ठेवी. सगळ्यात आधी तिनं ते आईच्या फोनमध्ये घातलं. "लाल झालं की फोन ठेवायचा, समोर कुणीही असो," असं पुन्हा पुन्हा बजावलं.

भागीबाईनं लेकीचा शब्द पाळला होता.

पुंजा सिन्नरकडे मजुरीला गेलेला. तो वारला त्या दुपारी एसटी स्टँडवर त्याच्या छातीत कळ आली. स्वतःचा फोन बंद पडलेला, म्हणून शेजारच्या प्रवाशाचा मागून घेतला आणि भागीबाईला लावला. त्या प्रवाशानंच हे नंतर मोहिनीला सांगितलं.

लहान मुलाला शहराबाहेरचं माणूस कधी दाखवलंच नाही, तर डोंगरातला माणूस त्याला परका वाटणारच. अ‍ॅपचं तसंच झालं होतं. मोहिनीनं त्याला शिकवलेले सगळे आवाज नाशिक-पुण्याचे होते. पुंजाची पेठच्या डोंगराकडची बोली, त्यात दम लागलेला माणूस, हे त्यानं कधी ऐकलंच नव्हतं.

"त्या मेल्या भामट्यानं बरोबर तुझा बा गेला त्याच दिवशी फोन केला बघ," भाकरी उलटत भागीबाई म्हणाली. "आवाज हुबेहूब तुझ्या बाचा! तुझं यंत्र नसतं तर फसलेच असते. गावाकडं लंकाबाईच्या फोनात पण घालून दे. तिचा नवराबी बाहेरच असतो."

आता लपवणं शक्य नव्हतं.

"नको आई."

"का गं?"

"तो बाच होता. यंत्र चुकलं. माझं यंत्र चुकलं."

भागीबाईनं गॅस बंद केला. पिठाचे हात तसेच ठेवून ती भिंतीला टेकली.

"ऐकव."

मोहिनीनं आईचा फोन मधे ठेवला आणि त्यात साठवलेलं बोलणं लावलं.

"भागे... मी हाय. कळ येती गं छातीत..."

मग भागीबाईचा स्वतःचा कडक आवाज, "माझ्या नवऱ्याचा आवाज चोरतो का रं भाड्या? हात झडतील तुझे!"

"भागे, आगं मीच..."

पुढं काही नव्हतं.

मोहिनी ओंजळीत तोंड लपवून रडू लागली. भागीबाईनं पिठाचाच हात तिच्या पाठीवर ठेवला. ती म्हणाली, "आगं मीच, म्हणाला. दुसरं काय सांगणार होता बिचारा?"