न वाजवलेलं दार

शिंपी जन्माचा भित्रा. मशीनची सुई बोटात घुसली तरी आधी बायकोला हाक मारायचा आणि ती आल्यावर मग कण्हायचा. असल्या माणसाच्या हाती प्रेषितांच्या सणाला पेत्राची चिठ्ठी यावी, आणि तिच्यावर वेल्डरचं घर लिहिलेलं असावं, म्हणजे देवानेही थट्टा करायला माणूस बरोबर निवडला म्हणायचा.

त्यांच्या चर्चची रीतच तशी होती. येशूचे बारा शिष्य, म्हणजे प्रेषित, घरदार सोडून निघाले, परमुलखात मार खाल्ला, जीव गमावले. त्यांना नुसते हार घालून काय उपयोग? म्हणून त्या दिवशी बाराजणांनी एकेका प्रेषिताच्या नावाची चिठ्ठी उचलायची आणि तिच्यावर लिहिलेल्या, चर्चपासून तुटलेल्या घरी जायचं. प्रभूने सांगितलं तसंच: हातात पिशवी नाही, खिशात पैसा नाही, पायात चप्पल नाही. घेतलं घरात, तर शांतीचे दोन शब्द बोलायचे. हाकललं, तर उंबऱ्याशी पायाची धूळ झटकून परतायचं. एकदा झटकली की त्या दारी पुन्हा कुणी जायचं नाही.

मुलगी तापाने गेल्यापासून वेल्डर चर्चकडे फिरकला नव्हता. गेल्या वर्षी त्याची समजूत घालायला गेलेल्या चर्चच्या ऑर्गनवाल्याच्या कानाजवळून हातोडा गेला. ऑर्गनवाला धूळ झटकायलाही थांबला नाही, म्हणून ते घर यंदा पुन्हा चिठ्ठीत आलं.

"मी चिठ्ठी बदलून घेतो," शिंपी बायकोला म्हणाला. "पेत्रानेसुद्धा प्रभूला तीनदा नाकारलं होतं."

"तुमचं एकदा झालं," ती म्हणाली. "उरलेलं दोनदा वाटेत करा. निघा."

शिंपी निघाला. तापलेल्या रस्त्यावर पाय पोळत होते आणि पाठ केलेली वाक्यं एकेक करून गळत होती. वेल्डरच्या घरामागच्या शेडमधून निळा उजेड लखलखत होता. शिंपी दाराशी पोचला आणि तो उजेड विझला. मग सगळं गप्प झालं. दार वाजवायला उचललेला हात त्याने खाली घेतला.

नाहीतरी हाकलणारच आहे, त्याने स्वतःला समजावलं. डोकं फोडून घेऊन मग झटकण्यापेक्षा आत्ताच झटकलेली काय वाईट? त्याने उजवा पाय झटकला, डावा झटकला आणि वळला.

मागे वेल्डर उभा होता. मुखवटा कपाळावर, हातोडा हातात.

"दार वाजवलंत?"

शिंपी मागे सरकून दाराला टेकला.

"मीही जायचो चिठ्ठी घेऊन," वेल्डर म्हणाला. "मला रीत ठाऊक आहे. न वाजवताच झटकलीत." तो चिडला असता तर बरं झालं असतं. तो अगदी हळू बोलत होता. "म्हणजे आता कुणीच यायचं नाही."

शिंप्याला तेव्हा कळलं, आपण काय करून बसलो ते. आपला जीव वाचवायला त्याने एका माणसाचं दार कायमचं बंद केलं होतं. गल्ली मोकळी होती. पळून जाता आलं असतं, आणि पाय तयारच होते.

"हातोड्याला घाबरून झटकली," तो कसाबसा म्हणाला. "ती गणतीत धरू नका. मी पाळकांना सांगणार नाही."

"ऑर्गनवाला म्हणाला, पोर देवाने नेली, आनंद माना. तुम्ही काय सांगणार होतात?"

"आठवत नाही. सगळं विसरलो. मला नुसती भीती वाटतेय."

वेल्डरने कपाळावरचा मुखवटा काढला.

"तिचा ताप उतरेना, तेव्हा मलाही वाटत होती," तो म्हणाला. "बायकोसमोर दाखवली नाही. कुणालाच सांगितलं नाही."

त्याने दार ढकललं. आत अंधार होता, आणि हातोडा अजून त्याच्या हातातच होता. भिंतीला धरून शिंपी उंबरा ओलांडून आत गेला, हाताला लागली त्या खुर्चीवर बसला आणि म्हणाला, "मला सांगा."