एकोणीस पॉइंट दोन

कशेळी पूल, सकाळचं ऊन.

पेढे, अर्धा किलो.

मालनकाकूंच्या चपलेत न मावणारे पाय.

१९.२.

मी ॲडेलिन. बाळकुमच्या गॅरेजमध्ये गाडीला लॅपटॉप जोडून इंजिनाचं सेटिंग बदलते. पेट्रोल कधी आणि किती सोडायचं, हे गाडीतला छोटा संगणक ठरवतो. त्याला जरा कंजूष करता येतं. जराच.

सहदेवकाका मोहन्याहून आलेले. बायकोला, मालनकाकूंना, आठवड्यातून तीनदा वर्तकनगरला डायलिसिसला न्यायचं, म्हणून ॲव्हरेज वाढवून हवं होतं. लिटरला चौदा पॉइंट नऊ किलोमीटरचं पंधरा पॉइंट चार झालं.

"एवढंच?" काकांचा चेहरा उतरला.

मालक सुशांत माझ्या कानाशी आला. "इंजिन सोड ना. आकडा वाढव."

मी फक्त दाखवायचा आकडा वाढवला. डॅशबोर्डवर १९.२. दुसऱ्या दिवशी काका पेढे घेऊन आले. मी दोन खाल्ले.

टाकीतल्या पेट्रोलवर अजून किती किलोमीटर जाता येईल, तेही गाडी याच आकड्यावरून सांगते. मला माहीत होतं.

सोमवारी स्क्रीनवर आलं, अजून एकतीस. पेट्रोलचा लाल दिवा पेटला, काकांनी स्क्रीनवर भरवसा ठेवला. चोविसाव्या किलोमीटरला, कशेळी पुलावर, गाडी बंद. काकू दीड तास उन्हात बसून. डायलिसिसची वेळ टळली.

ढकलत ढकलत गाडी आमच्याकडेच आली.

"पंपवाले चोर साले," काका म्हणाले. "तुझं काम चोख आहे, बाळा."

मी त्यांच्यासमोर लॅपटॉप जोडला, आकडा खरा केला, आकड्याचं सगळं सांगितलं.

ताटात कोणी थुंकल्यासारखे काका १५.४ कडे बघत राहिले.

"ते आधीचं लावून दे."

"काका, परत बंद पडेल."

"जास्त भरत जाईन. बघायला बरं वाटतं गं."

मागच्या सीटवरून काकू म्हणाल्या, "यांना आकडा बघायचाय. मला पोचायचंय."

कोणी वळून बघितलं नाही. सुशांतने दोन मिनिटांत १९.२ परत आणलं. "कस्टमर खूश, तो हम खूश." काका हसले.

डब्यात एक पेढा उरलेला, मुंग्या लागलेला. सुशांतने फुंकर मारली आणि खाल्ला.

लॅपटॉप जोडण्याआधी मी त्या गाडीच्या चारही चाकांत हवा भरलेली. चौदा पॉइंट नऊचं पंधरा पॉइंट चार तेवढ्यानेच झालेलं, सेटिंगने नाही.